फोड रंगवणाऱ्यांचा इतिहास

वीकांताला लोक राजमाचीला जातात, कर्जतला जातात, गेलाबाजार मॉलमध्ये तरी जातात. अस्मादिक घरी बसून फोड रंगवतात. फोड, गळवं, खपल्या, चिघळलेल्या जखमा आणि त्यातून वाहणारा पू. तेही तीन-साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्यांच्या अंगावर, शून्य नंबरच्या ब्रशनं, कपाळाला भिंग लावून. सोमवारी ऑफिसात कोणी "काय केलंस रे वीकांताला?" असं विचारलं की मी "काही नाही, आराम" म्हणतो. खरं उत्तर दिलं तर कॅन्टीनमध्ये शेजारी कोण बसणार? :-)

पण हे उद्योग करता करता एक गोष्ट लक्षात आली. आजारी कातडी हुबेहूब रंगवायची कशी, हा प्रश्न माझ्याआधी किमान सहाशे वर्षं लोकांना पडलेला आहे. भिक्षूंच्या इस्पितळासाठी काम करणारा चित्रकार, मेणाचे पुतळे करणारा सिसिलीतला पाद्री, पॅरिसमधला कागदाच्या लगद्याची फळं करणारा कारागीर, मुंबईच्या जे. जे.मधला एक डॉक्टर... सगळे आपापल्या कारणानं फोड रंगवत बसलेले. आणि गंमत म्हणजे युक्ती सगळ्यांची जवळजवळ एकच. त्यांच्याबद्दल आज लिहायचंय. जेवताजेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. टेबलावर छोटे सैनिक मांडून फासे आणि मोजपट्टी घेऊन लढाया खेळायच्या, हा छंद जुना आहे. एच. जी. वेल्स, तोच तो कालयंत्रवाला, त्यानं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली, पुढे तिच्याच 'सिटाडेल' नावाखाली धातूच्या बाहुल्या येऊ लागल्या आणि १९८३ साली 'वॉरहॅमर' हा राक्षस-बुटके-जादूगारांच्या लढायांचा खेळ आला. या खेळाच्या जगात चार दुष्ट देव आहेत. त्यातला एक नर्गल, म्हणजे रोगराईचा आणि कुजण्याचा देव. १९९० साली आलेल्या 'द लॉस्ट अँड द डॅम्ड' या जाडजूड पुस्तकात त्याचा सगळा संसार तपशीलवार मांडलाय.

नर्गल बाकीच्या तिघांसारखा रागीट किंवा कारस्थानी नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. तो प्रेमळ आहे. खेळणारे त्याला आजोबाच म्हणतात. रोग ही त्याची पोराबाळांना वाटलेली भेट. त्याचे भूत-पिशाच्च फुगलेल्या पोटाचे, आतडी बाहेर लोंबणारे, तरी हसतमुख. त्यात 'प्लेगबेअरर' नावाचे एक-डोळे, एकशिंगे कारकून आहेत. जगातल्या सगळ्या रोगांची मोजदाद ठेवणं हे त्यांचं काम, आणि मोजून होईपर्यंत नवे रोग आलेले असतात. ज्यानं ज्यानं बग ट्रॅकर सांभाळलाय त्याला या गरिबांबद्दल सहानुभूती वाटल्याशिवाय राहणार नाही.

आता रंगकाम. नवशिक्या माणसाला वाटतं, रोगट कातडी म्हणजे हिरवा रंग. डबी उघडा, फासा हिरवा, झालं! असं रंगवलं की बाहुली आजारी दिसत नाही, बेडूक दिसते. आपल्या भाषेत शुद्ध रंगांसाठी किती झकास शब्द आहेत बघा: पांढराफटक, पिवळाधमक, हिरवागार, लालभडक, काळाकुट्ट. पण आजारी माणसाच्या कातडीला यातला एकही शब्द चालत नाही. (पांढराफटक चालतो, पण तो घाबरलेल्यालाही चालतो.) आजारी माणूस 'निस्तेज' दिसतो, 'उतरलेला' दिसतो. म्हणजे आपण रंग सांगतच नाही, आधी काय होतं आणि आता काय गेलंय ते सांगतो.

रंगवतानाही नेमकं तेच करावं लागतं. आधी निरोगी कातडी रंगवायची. प्रायमरवर फिकट मांसल रंगाचा थर, तो वाळला की खोलगट भागांत तपकिरी-लाल वॉश. वॉश म्हणजे खूप पातळ रंग, जो आपोआप खाचांत जाऊन बसतो. मग पाण्यासारखे पातळ, जवळजवळ अदृश्य थर एकावर एक: डोळ्यांखाली जांभळा, पोटाच्या घडीत हिरवट, सांध्यांवर पिवळट. याला ग्लेझ म्हणतात. एका ग्लेझनं काहीच झाल्यासारखं वाटत नाही. पाचव्या-सहाव्याला कातडीच्या आतून काहीतरी बिघडल्यासारखं दिसायला लागतं. फोड सगळ्यात शेवटी. आधी त्याच्याभोवती लालसर-जांभळं कडं, मग मधे पिवळा, टोकावर पांढुरका ठिपका, आणि वरून चकचकीत वार्निशचा एकच थेंब. बाकी अंगावर मॅट वार्निश, नाहीतर सगळं प्लॅस्टिक दिसतं. फोडापेक्षा त्याच्याभोवतीचं कडं जास्त महत्त्वाचं. कडं नसेल तर फोड नुसता चिकटवलेला मणी वाटतो. कारण ते कडं म्हणजे जिवंत मांसानं रोगाला केलेला प्रतिकार.

हे नुसतं कलेपुरतं नाही, खरी कातडीही अशीच चालते. कातडीचा रंग हा भिंतीच्या रंगासारखा वरून दिलेला नसतो. प्रकाश आत शिरतो, मेलॅनिनमधून जातो, खालच्या रक्तावर पडतो, इकडेतिकडे विखरून पुन्हा बाहेर येतो. मुका मार लागला की आपण 'काळंनिळं पडलं' म्हणतो. काही दिवसांनी ते हिरवट होतं, मग पिवळं. साचलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन तुटून आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं. त्याचं बिलिरुबिन होतं, ते पिवळं. काविळीत अंगभर दिसतं तेच हे. म्हणजे एका जखमेचा रंग बघून ती किती जुनी याचा साधारण अंदाज करता येतो. पू हिरवट दिसतो त्याचं कारणही असंच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं एन्झाइम असतं. त्या पेशी मरून साचल्या की त्यांचा रंग दिसतो. नर्गलच्या फौजेचा हिरवा रंग हा रोगाचा नसून रोगाशी लढून मेलेल्या शिपायांचा आहे!

असो. आता सहाशे वर्षं मागे.

चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकारानं १४००च्या आसपास चित्रकारांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. लाकूड कसं घासावं, डिंक कसा उकळावा, सगळं सांगणारी. आजच्या भाषेत अस्सल 'हाऊ-टू'. त्यात चेहरा रंगवायची कृती अशी: आधी सगळ्या चेहऱ्यावर हिरव्या मातीच्या रंगाचे थर द्यायचे. हो, हिरव्या. मग गालांवर, ओठांवर गुलाबी, आणि त्यावर मांसल रंगाच्या तीन छटा, खालचा हिरवा किंचित डोकावेल अशा बेतानं. जुन्या इटालियन चित्रांत मरियामाता कधीकधी हिरवी दिसते ती यामुळेच. वरचे नाजूक थर काळाच्या ओघात झिजले, खालचा हिरवा उघडा पडला. आणि पुढे चेन्निनी मेलेला माणूस कसा रंगवायचा तेही सांगतो. कृती तीच, फक्त गुलाबी द्यायचं नाही. बस्स. मेलेल्याच्या अंगात रंग नसतो असं त्याचं साधं स्पष्टीकरण.

मला हे वाचून धक्काच बसला. जिवंत आणि मृत यातला फरक म्हणजे एक गाळलेली पायरी. हिरवा दोघांतही असतोच.

यानंतर शंभरेक वर्षांनी, १५१२ ते १५१६ या काळात, मथियास ग्र्युनेवाल्ड नावाच्या जर्मन चित्रकारानं अल्सास प्रांतातल्या आयझेनहाइम गावी एक प्रचंड घडीची वेदी रंगवली. आज ती फ्रान्समधल्या कोलमार गावच्या उंटरलिंडन संग्रहालयात आहे. ही वेदी साध्या चर्चसाठी नव्हती. ती संत अँथनीच्या पंथातल्या भिक्षूंच्या मठासाठी होती, आणि त्या भिक्षूंचं मुख्य काम होतं 'संत अँथनीचा अग्नी' या रोगाच्या माणसांची शुश्रूषा. हातापायांत आग आग व्हायची, मग ते काळे पडायचे, आणि शेवटी झडायचे किंवा कापावे लागायचे. कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी येते, तिच्यातली द्रव्यं रक्तवाहिन्या आवळतात आणि अवयवाला रक्तच मिळत नाही. गरीब माणूस तीच रोगट भाकरी खात राहायचा. भिक्षू त्यांना चांगला पाव आणि डुकराच्या चरबीचं मलम द्यायचे, त्यामुळे काहींना खरोखरच उतार पडत असणार. (याच अर्गटवर काम करताना १९३८ साली बाझलमधल्या आल्बर्ट हॉफमानला एलएसडी सापडलं. बाझल कोलमारपासून फार लांब नाही. पण तो वेगळा लेख.)

तर या रुग्णांसमोर ग्र्युनेवाल्डनं क्रुसावरचा ख्रिस्त रंगवला तो कसा? अंग हिरवट-राखट. कातडीभर काटे रुतलेले, प्रत्येक काट्याभोवती सुजलेला छोटा व्रण. ओठ निळे. पाय काळपट, वेडेवाकडे. इतर चित्रांतला ख्रिस्त झोपल्यासारखा दिसतो, हा आजारानं मेल्यासारखा दिसतो. खालच्या पट्टीत त्याचं प्रेत मांडीवर घेतलेलं दृश्य आहे, आणि ती पट्टी मधून उघडली की ख्रिस्ताचे पाय धडापासून वेगळे होतात. पाय कापलेल्या रुग्णांना ते काय वाटत असेल? अभ्यासक म्हणतात की हे मुद्दाम केलंय. मला तरी त्यात शंका वाटत नाही.

आणि मग सगळ्यात आतल्या घडीत, उजव्या बाजूला, संत अँथनीला राक्षस छळतायत ते चित्र. चोचवाले, शिंगवाले, सोटे घेतलेले. नर्गलच्या फौजेत खपून जातील असे. पण डाव्या कोपऱ्यात खाली एक आकृती बसली आहे. पोट फुगलेलं, अंगभर पिकलेले फोड, पायांना बदकासारखे पडदे, एक हात झडत आलेला, डोक्यावर फाटकी लाल टोपी. हा राक्षस की रुग्ण, हे आजपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून तो वर बघतोय. राक्षस कोणाला तरी मारतायत, ओढतायत. हा कोणालाच काही करत नाहीये, याला फक्त दुखतंय. मठातल्या रुग्णानं ती वेदी पाहिली तर त्याला स्वतःची कातडी दोनदा दिसायची: एकदा देवाच्या अंगावर, एकदा राक्षसांच्या घोळक्यात.

आता बाहुल्या. खऱ्या अर्थानं आमच्या छंदाचा मूळपुरुष म्हणजे गाएतानो झुंबो. १६५६ साली सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये जन्म, आणि त्याच वर्षी नेपल्समध्ये प्लेगनं जवळजवळ अर्धं शहर संपवलं. पाद्री झालेल्या झुंबोनं पुढे मेणात काम करायला सुरुवात केली. १६९०च्या दशकात फ्लॉरेन्सच्या मेडिची दरबारात असताना त्यानं पेट्यांमध्ये छोटी छोटी नाट्यदृश्यं मांडली. एकात प्लेग, एकात काळाचा विजय, एकात कुजणारी शरीरं, एकात सिफिलिस. मेणाच्या छोट्या माणसांचा खच. नुकतीच मेलेली बाई अजून गोरी, शेजारचा फुगून पिवळसर-हिरवा, त्याच्या पलीकडचा तपकिरी, मग काळा, मग नुसती हाडं. एका पेटीत कुजण्याचं अख्खं वेळापत्रक! प्लेगच्या दृश्यात नाकातोंडाला फडकं बांधलेला एक माणूस प्रेत ओढतोय. २०२० पाहिलेल्या आपल्याला तो ओळखीचा वाटतो. मार्की द सादनं १७७५-७६च्या इटलीवारीत ही दृश्यं पाहिली आणि पुढे आपल्या कादंबरीत त्यांचं वर्णन घातलं. १९६६च्या महापुरात सिफिलिसच्या पेटीचं मोठं नुकसान झालं, पण हे काम फ्लॉरेन्सच्या ला स्पेकोला संग्रहालयानं आजवर जपलंय.

झुंबोनं मेण का निवडलं असेल? कारण मेणात प्रकाश शिरतो. संगमरवरावर किंवा लाकडावर कितीही रंग चढवा, तो वरच बसतो. मेणाला रंग आतून देता येतो. चेन्निनीची हिरवी माती, माझे ग्लेझ आणि झुंबोचं मेण, तिन्हींची पळवाट एकच.

ही पळवाट शिगेला पोचली ती एकोणिसाव्या शतकात, इस्पितळांमध्ये. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जोसेफ टाउन नावाचा माणूस १८२६ ते १८७९, म्हणजे त्रेपन्न वर्षं एकाच नोकरीत राहिला आणि हजाराच्या वर मेणाच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या शेकडो त्वचारोगांच्या. दार बंद करून काम करायचा, कृती कोणाला सांगितली नाही, मेला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. डॉक्युमेंटेशन न करता नोकरी सोडणारी माणसं तेव्हाही होती तर.

पॅरिसमध्ये सेंट लुई हे त्वचारोगांचं मोठं इस्पितळ. तिथल्या शार्ल लाय्ये नावाच्या डॉक्टरला विद्यार्थ्यांना शिकवायला चांगल्या प्रतिकृती हव्या होत्या. चित्रं पुरत नव्हती आणि रंगीत फोटो अजून जन्मायचा होता. त्याला पासाज जुफ्रुआ या झाकलेल्या बाजारगल्लीत ज्यूल बारेता सापडला. बारेता कागदाच्या लगद्याची खोटी फळं करायचा. इतकी खरी की हात लावून बघावं. डॉक्टरनं विचार केला असणार, ज्याला पिकलेल्या पेअरवरचा डाग जमतो त्याला माणसाच्या गालावरचा चट्टाही जमेल. मला हा विचार फार आवडतो. पिकणं, नासणं, डागाळणं हे शब्द आपण फळांना आणि फोडांना एकच वापरतो, नाही का?

बारेतानं १८६७ साली पहिली प्रतिकृती केली. पद्धत अशी: रुग्णाच्या अंगावर, थेट चट्ट्यावर, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. साच्यात मेण. मग रुग्णाला समोर बसवून रंग जुळवायचे, कारण सूज उतरली, ताप गेला की रंगही जातो. मग खरे केस, एकेक करून. भोवती पांढरं कापड, खाली काळी पाटी. बारेताच्या हातच्या प्रतिकृती दोन हजारांहून जास्त. एकूण संग्रह ४,८००च्या आसपास. १८८९ साली पॅरिसमध्ये त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा त्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. देशोदेशीचे डॉक्टर ती काचेची कपाटं बघून घरी गेले आणि आपल्याकडे असलं काहीतरी हवं म्हणून मागे लागले.

या प्रतिकृतींचे फोटो मी तासनतास बघितलेत. माझ्यासारख्याला त्याहून चांगला संदर्भ मिळणार नाही. पण ते बघताना एक गोष्ट खटकत राहते. पाटीवर रोगाचं नाव ठळक आहे, डॉक्टरचं आहे. ज्याच्या गालावर प्लास्टर ओतलं त्याचं नाही. ही बहुतेक गरीब माणसं. फुकट उपचाराच्या बदल्यात त्यांनी आपला चेहरा दिला, आणि तो चेहरा भोवतीच्या कापडानं कापून उरला फक्त रोग. ग्र्युनेवाल्डच्या कोपऱ्यातल्या माणसाला निदान मान टाकून ओरडायला जागा होती.

पुढे रंगीत फोटो आले आणि मेणवाले मागे पडले. कातडीची युक्ती पुन्हा वर आली ती आपल्या धंद्यात. कॉम्प्युटरवर काढलेली माणसं प्लास्टिकसारखी का दिसतात, या प्रश्नाला २००१ साली हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणिती उत्तर दिलं: प्रकाश पृष्ठभागावरून परत पाठवू नका, आत घुसवून दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर काढा. २००२च्या 'टू टॉवर्स'मधल्या गोलमची रोगट, ओलसर कातडी त्याच कल्पनेवर उभी होती. २००४ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीनं येन्सन, मार्शनर आणि हॅनरहन यांना त्याबद्दल तांत्रिक पुरस्कारही दिला. चेन्निनीला रॉयल्टी मिळाली नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या कातड्या गोऱ्या होत्या, हे लक्षात आलं का? माझ्या तर फार उशिरापर्यंत डोक्यातही आलं नव्हतं, कारण रंगांच्या डब्यांवर 'फ्लेश' म्हणजे गुलाबीच लिहिलेलं असतं. मग एकदा वाटलं, नर्गलची एक तुकडी आपल्या रंगाची करून बघू. गव्हाळ ते काळीसावळी. आणि संदर्भ शोधायला गेलो तर सापडला थेट भायखळा.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याचं काम डॉक्टर मित्राच्या कपाटात नक्की पाहिलंय. 'ग्रेज अॅनाटॉमी' या १८५८ सालच्या पुस्तकातली चित्रं त्याची. ग्रेला रॉयल्टी मिळाली, कार्टरला एकरकमी १५० पौंड, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव बारीक करावं म्हणून ग्रेनं धडपड केली. (क्रेडिट कोणाला, हा वाद आपल्या टीममध्येच होतो असं समजू नका.) ग्रे १८६१ साली, चौतिसाव्या वर्षी गेला. कशानं? देवीनं. आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्याला लागण झाली. कार्टर तोवर मुंबईत पोचला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, मधली काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, पुढे कॉलेजचा प्राचार्यही झाला. तीस वर्षं इथे काढून १८८८ साली परत गेला.

इथे त्याच्यासमोर जे रुग्ण आले ते अनवाणी चालणारे शेतकरी-मजूर. पाऊल सुजून त्याला छिद्रं पडायची आणि त्यातून काळे किंवा फिकट दाणे बाहेर यायचे. या रोगाला 'मायसिटोमा' हे नाव कार्टरनं दिलं. काट्याच्या जखमेतून आत शिरणाऱ्या बुरशीचं हे काम आहे असं त्यानं मांडलं. १८७४ साली त्यावर रंगीत चित्रांसह पुस्तक काढलं, आणि त्याच वर्षी कुष्ठरोगावरही. ती पावलं पाहा. तपकिरी कातडीवर सूज लाल नसते. ती जांभळट, राखट, कधी नुसतीच जास्त गडद. ताणलेल्या कातडीवर विशिष्ट चमक. कुष्ठरोगाचा चट्टा उलट फिका, कडेला धूसर. कार्टरनं जे होतं ते रंगवलं, लंडनच्या पुस्तकातलं लाल इथे आणून चिकटवलं नाही.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण नाही. २०२० साली लंडनमधल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकांबरोबर 'माइंड द गॅप' नावाची पुस्तिका काढली. गडद कातडीवर रोगाच्या खुणा कशा दिसतात, एवढाच तिचा विषय. कारण पाठ्यपुस्तकांत 'लालसर पुरळ' लिहिलेलं, आणि समोरच्या रुग्णाच्या अंगावर ते लालसर नसतंच. न दिसल्यामुळे निदान चुकतं. कार्टरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी ती पुस्तिका काढावी लागली.

तर मी गडद तपकिरी थरावर जांभळे ग्लेझ देत होतो तेव्हा आमची आजी आली. वय अठ्ठ्याऐंशी, मूळ सांगलीकडची. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, चेहऱ्यावर वण आहेत. आम्हा नातवंडांना ते इतके सवयीचे की कधी दिसतच नाहीत. तिनं माझं भिंग घेतलं आणि बाहुली निरखली.

"काय झालंय रे ह्याला?"

"रोगाचा देव असतो आजी, त्याचा माणूस आहे."

यावर ती अजिबात दचकली नाही. रोगाचा देव ही कल्पना नॉटिंगहॅमच्या लोकांना भारी वाटली असेल, आजीला त्यात काय नवं? तिच्या लहानपणी देवी 'आल्या' म्हणायचे, 'झाल्या' नाही. पाहुणी आली, आता तिचं नीट करायचं. कडुनिंबाचा पाला, थंड खाणं, घरात फोडणी बंद, आवाज बंद. लेकराच्या अंगात देवी आहे म्हणून त्याला रागवायचं नाही.

मग म्हणाली, "ह्या कांजिण्या दिसतायत. देवी न्हाईत."

"कशावरून?"

"देवीचे सगळे फोड एकदम येतात, एकदमच पिकतात. ह्याला काही नवे, काही खपलीला आलेले. आणि पोटावरच जास्त. देवी तोंडावर, हातापायावर जास्त."

मी नंतर वाचलं. देवी आणि कांजिण्या वेगळ्या ओळखायची डॉक्टरांची खूण हीच. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, १९८० साली जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. म्हणजे ही खूण डोळ्यांनी पाहून सांगू शकणारी माणसं आता आजीच्या वयाची.

भिंग परत देताना तिनं विचारलं, "पण हा हसतो का? ह्याला दुखत न्हाई?"

खेळाच्या गोष्टीत याचं उत्तर तयार आहे. नर्गलच्या माणसांना वेदना होत नाहीत, हीच आजोबांची मोठी भेट. मी तिला तसं सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मलाही पटत नाही. वेदना नसणं ही भेट नाही हे वेल्लोरच्या पॉल ब्रँडनं दाखवून दिलंय. १९४६ साली तो तिथे आला. कुष्ठरोग्यांची बोटं 'झडतात' असं सगळे धरून चालले होते. ब्रँडनं वर्षानुवर्षं निरीक्षण करून सांगितलं की ती झडत नाहीत. नसा बधिर झाल्यामुळे माणसाला चटका कळत नाही, टोचलेलं कळत नाही, जखम कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा हळूहळू बोटं खातात. ज्याला दुखत नाही तो सगळ्यात जास्त आजारी. वॉरहॅमर लिहिणाऱ्यांनी कुष्ठरोगाचं बाह्यरूप घेतलं, बधिरताही घेतली, आणि तिला वरदान ठरवून टाकलं. खेळ म्हणून ठीक आहे, मी खेळणं सोडणार नाही. पण ग्र्युनेवाल्डला आणि आजीला जे माहीत होतं ते त्यात नाही.

सध्या टेबलावर सात प्लेगबेअरर आहेत. कातडी गडद तपकिरी, फोडांभोवती लालऐवजी जांभळ्यात किंचित राखाडी मिसळून पाच ग्लेझ. त्याचं कडं मनासारखं जमलंय. दोघांच्या दंडावर एकेक फिका चट्टा, त्याला मुद्दाम कडं दिलेलं नाही, आणि त्यावर चमकही नाही. एकाला आजीच्या हिशोबानं करतोय. पोटावरचे फोड घासून काढले, चेहऱ्यावर आणि हातांवर नवे बसवले, सगळे एकाच आकाराचे, एकाच दिवसाचे. हसू मात्र साच्यातच कोरलेलं आहे, रंगानं जात नाही. ओठांचे कोपरे खाली वळवायला दोन रंगांची मळायची पुट्टी लागते, ती मागवली आहे. मंगळवारपर्यंत येईल.